मराठीच्या वाटेने इंग्रजी प्रिपोझिशनकडे

दाराची किल्ली, चहाचा कप, तापाचं औषध, इतिहासाचं पुस्तक. चारही ठिकाणी मराठीत षष्ठीचा एकच प्रत्यय आहे. आता हेच इंग्रजीत म्हणून बघा: 'द की टू द डोअर', 'अ कप ऑफ टी', 'मेडिसिन फॉर फीव्हर', 'अ बुक ऑन हिस्टरी'. चार जागी चार वेगळे शब्द आले.

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत वहीत दोन रकाने आखून पाठ केलेलं असतं: ला म्हणजे टू, ने म्हणजे बाय, वर म्हणजे ऑन, मध्ये म्हणजे इन, चा म्हणजे ऑफ. मीही तेच केलं होतं. पुढे मोठ्या वयात इंग्रजी शिकायला आलेल्यांना शिकवू लागल्यावर दिसलं, की त्यांच्या बऱ्याचशा चुका त्या तक्त्यातूनच निघतात. तक्ता खोटा नाही, पण तो फार तोकडा आहे. म्हणून हा लेख तक्ता बाजूला ठेवून लिहिला आहे. शाळेत शिकलेलं मराठी व्याकरण मात्र जवळ असू द्या, ते पावलोपावली उपयोगी पडणार आहे.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात 'ऑफ' म्हणजे एका एफचा, 'चा' या अर्थाचा शब्द. दोन एफचा 'ऑफ' म्हणजे सुटून, निघून, बंद, तो निराळा.

पायरी १ : शब्द कुठे बसतो ते बघा

मराठीत 'टेबल' आधी येतं आणि 'वर' त्याला मागून चिकटतं: टेबलावर. इंग्रजीत 'ऑन' आधी येतो, मग 'द टेबल'. प्रिपोझिशन या नावाचा अर्थच मुळी 'आधी ठेवलेला' असा आहे. आपल्याकडे हे काम दोघे मिळून करतात. ला, ने, हून, चा, त हे विभक्तीचे प्रत्यय आणि वर, खाली, साठी, पर्यंत, समोर ही शब्दयोगी अव्ययं. इंग्रजीत दोघांचंही काम एकटं प्रिपोझिशन करतं.

हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्ती होत्या. त्या हळूहळू झिजत गेल्या आणि त्यांचा भार या छोट्या शब्दांवर पडला. एवढेसे शब्द इतकी वेगवेगळी कामं का करतात, याचं एक मोठं कारण हे आहे.

मराठीत प्रत्यय लागण्याआधी नामाचं सामान्यरूप होतं. घर-घरात, मुलगा-मुलग्याला, झाड-झाडाखाली. इंग्रजी नामाला असं काही होत नाही, 'बॉय' हा 'फॉर द बॉय'मध्येही 'बॉय'च राहतो. पण सर्वनामांत जुन्या विभक्तीची खूण अजून शिल्लक आहे. 'ही'चं 'हिम' होतं, 'वी'चं 'अस', 'दे'चं 'देम', आणि 'आय'चं 'मी'. आपला 'मी' कर्ता असतो. इंग्रजी 'मी' हा 'मला' आणि 'माझ्या'च्या जागेवरचा शब्द आहे. म्हणून 'माझ्यासाठी' म्हणजे 'फॉर मी', आणि 'तुझ्यामाझ्यात' म्हणजे 'बिटवीन यू अँड मी'. पुष्कळ जण सभ्य वाटावं म्हणून 'बिटवीन यू अँड आय' म्हणतात. प्रमाण लेखनात ते चूक धरलं जातं. 'तुझ्यात आणि मी' असं आपण म्हणू का?

प्रिपोझिशनपुढे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लागतं. यालाही मराठीत जोड आहे. 'खा'ला आपण थेट 'आधी' लावत नाही, 'खाण्याआधी' म्हणतो, म्हणजे क्रियापदाचं नाम करून घेतो. तसंच 'बिफोर ईटिंग', 'फॉन्ड ऑफ सिंगिंग', 'विदाउट आस्किंग'.

इथे 'टू' घोटाळा करतो, कारण 'आय वॉन्ट टू गो'मधला 'टू' प्रिपोझिशन नाही आणि 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'मधला आहे. ओळखायची युक्ती सोपी आहे: 'टू'पुढे 'दिवाळी' ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू दिवाळी' छान बसतं, म्हणजे हा प्रिपोझिशन, आणि याच्यापुढे 'मीटिंग' हवं. 'वॉन्ट टू दिवाळी' बसत नाही, म्हणजे हा दुसरा. अर्जाच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहिणाऱ्यांनी ही परीक्षा एकदा तरी करावी.

पायरी २ : प्रिपोझिशन की क्रियाविशेषण?

'वर जा' आणि 'डोंगरावर जा'. पहिल्या वाक्यात 'वर' एकटा आहे, तो क्रियाविशेषण. दुसऱ्यात तो नामाला जोडला गेला, तो शब्दयोगी. सातवी-आठवीत हे सगळ्यांनी केलेलं आहे. इंग्रजीतही तंतोतंत तेच: 'कम इन'मधला 'इन' एकटा, 'इन द हाउस'मधला जोडीचा. पुढे नाम किंवा सर्वनाम शोधा. सापडलं तर बहुधा प्रिपोझिशन.

बहुधा म्हणण्याचं कारण 'पुट ऑन युअर शूज'सारखी वाक्यं. तिथे 'ऑन' क्रियापदाचा भाग आहे, बुटांचा नाही. 'पुट युअर शूज ऑन' असं तो पलीकडे सरकवता येतो. खरं प्रिपोझिशन असं नामाच्या मागे सरकत नाही: 'सिट ऑन द चेअर'चं 'सिट द चेअर ऑन' होत नाही.

पायरी ३ : घडणीवरून प्रकार

परीक्षेत प्रकार विचारतात म्हणून ते पाठ केले जातात. पण शब्द कसा घडला हे कळलं की तो वापरायचा कसा हेही थोडं कळतं.

साधे: ॲट, इन, ऑन, टू, फॉर, फ्रॉम, ऑफ, बाय, विथ, थ्रू. आणखी काही आहेत; रोजच्या इंग्रजीत सगळ्यांत जास्त राबतात ते हेच.

संयुक्त: इनटू, विदिन, विदाउट, बिहाइंड, बिसाइड, बिटवीन, अमंग, अक्रॉस. यांतला 'बि' म्हणजे 'बाय'चंच जुनं रूप. 'बिटवीन'मधल्या 'ट्वीन'मध्ये दोन ही संख्या दडलेली आहे. 'अमंग'मध्ये 'ऑन' आहे आणि त्याला गर्दी, घोळका या अर्थाचा जुना शब्द जोडलेला आहे. दोघांत 'बिटवीन' आणि अनेकांत 'अमंग' हा शाळेतला नियम इथूनच आला. मात्र तो नियम अर्धाच आहे. तीन राज्यांमधला करार 'बिटवीन थ्री स्टेट्स'च होतो, कारण प्रत्येक राज्य वेगळं मोजलं जातं. गर्दीत मिसळून गेलेल्यांसाठी 'अमंग': 'शी वॉज स्टँडिंग अमंग द चिल्ड्रन'. 'बिसाइड' आणि 'बिसाइड्स' यांतही गल्लत होते; पहिला म्हणजे शेजारी, दुसरा म्हणजे शिवाय.

शब्दसमूहाचे: इन फ्रंट ऑफ, बिकॉज ऑफ, इन स्पाइट ऑफ, इन्स्टेड ऑफ, ऑन बिहाफ ऑफ. यांची मराठी जोडी लावून बघा: च्या ऐवजी, च्या वतीने. मराठीतला 'च्या' आणि इंग्रजीतला शेवटचा 'ऑफ' एकच काम करतात, म्हणून तो 'ऑफ' गाळायचा नाही. 'डिस्पाइट'ला मात्र 'ऑफ' लागत नाही. 'डिस्पाइट ऑफ रेन' ही चूक 'इन स्पाइट ऑफ'च्या संगतीने होते.

क्रियापदापासून आलेले: ड्युरिंग, रिगार्डिंग, कन्सर्निंग. 'ड्युरिंग' हे टिकणे या अर्थाच्या, आता वापरातून गेलेल्या क्रियापदाचं रूप आहे. आपल्याकडेही असं होतंच. 'त्याला सोडून सगळे आले' यात कोणी कोणाला सोडलेलं नसतं, 'सोडून' तिथे 'खेरीज'च्या कामावर असतो.

दुहेरी: फ्रॉम बिहाइंड, फ्रॉम अंडर. हे आपल्याला सहज जमावेत, कारण मागे अधिक ऊन मिळून मागून, खाली अधिक ऊन मिळून खालून. मांजर टेबलाखालून बाहेर आलं: 'द कॅट केम आउट फ्रॉम अंडर द टेबल'. पण गाडी पुलाखालून गेली तर फक्त 'अंडर द ब्रिज', कारण तिथे ती पुलाखाली मुक्कामाला नव्हती, नुसती पार झाली. मराठीतला 'ऊन' निघण्याची जागाही सांगतो आणि पार होण्याची वाटही. इंग्रजीत 'फ्रॉम' फक्त निघण्याच्या जागेला.

आणि लपलेले. 'फाइव्ह ओक्लॉक'मधला 'ओ' म्हणजे 'ऑफ द क्लॉक'मधला 'ऑफ'. 'ट्वाइस अ डे'मधला 'अ' हा मुळात 'ऑन' होता. हे पाठ करण्याची गरज नाही, मला ते आवडतं म्हणून सांगितलं.

पायरी ४ : ॲट, ऑन, इन यांवर वेळ घालवा

बाकी सगळं घाईने वाचलंत तरी चालेल, इथे थांबा.

गावाकडचा पत्ता आठवा. सुरुवात 'मु. पो.'ने होते, म्हणजे मुक्काम पोस्ट. इंग्रजीत लिहिताना आपण त्याचं 'ॲट पोस्ट' करतो. तो 'ॲट' अगदी योग्य जागी आहे. 'ॲट' म्हणजे नकाशावर बोट टेकवता येईल असा बिंदू. 'ऑन' म्हणजे पृष्ठभाग किंवा रेषा. 'इन' म्हणजे चारी बाजूंनी कड असलेली जागा, जिच्या आत आपण आहोत.

पुणे स्टेशनवर उभं राहून कोणाला फोन करताय अशी कल्पना करा. 'आय ॲम ॲट द स्टेशन, ऑन प्लॅटफॉर्म टू.' पाऊस आला म्हणून आत गेलात: 'इन द वेटिंग रूम.' मराठीत पहिल्या दोन्हींना 'वर' आहे, स्टेशनवर, प्लॅटफॉर्मवर. पण स्टेशन हा प्रवासातला एक बिंदू आहे, आणि प्लॅटफॉर्म ही पाय ठेवण्याची फरशी. 'वर' ऐकून 'ऑन' लिहू नका, डोळ्यांसमोर काय दिसतं ते बघा.

नदी ही रेषा, म्हणून 'नाशिक इज ऑन द गोदावरी'. नवशिक्याला वाटतं शहर पाण्यावर तरंगतंय की काय, पण इथे 'ऑन' म्हणजे काठी. किनाराही रेषाच: 'रत्नागिरी इज ऑन द कोस्ट'.

झाडाचं उदाहरण मी कधीच चुकवत नाही. झाडाला आंबे असतात, झाडावर पोपट असतो. इंग्रजीत आंबे 'ऑन द ट्री', कारण ते झाडाचेच, त्याच्या अंगावर लगडलेले. पोपट 'इन द ट्री', कारण तो बाहेरून येऊन पानांच्या आत बसला आहे. दोन्ही भाषा हा फरक पाळतात, फक्त वेगळ्या शब्दांनी: 'ला'चं 'ऑन' झालं, आणि 'वर'चं 'इन'. शाळेतल्या तक्त्याप्रमाणे गेलात तर दोन्ही चुकतील. भिंतीला टांगलेलं चित्रही 'ऑन द वॉल' आणि छताला लावलेला पंखा 'ऑन द सीलिंग'.

कुठेकुठे मराठी अगदी बरोबर वाट दाखवते. खोलीच्या कोपऱ्यात म्हणजे 'इन द कॉर्नर', रस्त्याच्या कोपऱ्यावर म्हणजे 'ऑन द कॉर्नर' किंवा 'ॲट द कॉर्नर'. पावसात 'इन द रेन', उन्हात 'इन द सन', फोनवर 'ऑन द फोन', पान वीसवर 'ऑन पेज ट्वेंटी'. अशा जोड्या दिसल्या की खूण करून ठेवा, त्यांचा धीर मिळतो.

वाहनांचा हिशेब असा. ज्यात उभं राहून चालता येतं ते 'ऑन': 'ऑन द बस', 'ऑन द ट्रेन', 'ऑन द प्लेन'. ज्यात वाकून शिरायचं आणि बसून राहायचं ते 'इन': 'इन अ कार', 'इन अ रिक्षा'. ज्यावर टांग टाकून बसायचं ते पुन्हा 'ऑन': 'ऑन अ बाइक'. आणि नुसतं साधन सांगायचं असेल तर 'बाय', तेही 'अ' किंवा 'द' न लावता: 'बाय बस', 'बाय ट्रेन'. पायी मात्र 'ऑन फूट'.

वेळेच्या बाबतीत मराठीने आपल्याला आयतंच दिलं आहे, आणि शाळेत ते कोणी दाखवलं नाही याची मला हळहळ वाटते. दुपारी तीन वाजता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं. १९६० साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं. वाजता, रोजी, साली: घड्याळ, तारीख, वर्ष यांना आपल्याकडेही तीन वेगळे शब्द आहेत! वाजता म्हणजे 'ॲट', रोजी म्हणजे 'ऑन', साली म्हणजे 'इन'. 'ॲट थ्री', 'ऑन १ मे १९६०', 'इन १९६०'. महिना वर्षाच्या बाजूला जातो, 'इन मे'. वार तारखेच्या बाजूला, 'ऑन मंडे'.

सकाळ-संध्याकाळ 'इन द मॉर्निंग', 'इन द ईव्हनिंग'. रात्र 'ॲट नाइट'. पण सोमवारी सकाळी म्हटलं की वार आला, मग 'ऑन मंडे मॉर्निंग'. गेल्या, पुढच्या, या, दर यांच्याआधी काहीच लावायचं नाही. मराठीत 'पुढच्या सोमवारी'मध्ये सप्तमीचा 'ई' ऐकू येतो म्हणून हात 'ऑन नेक्स्ट मंडे' लिहून जातो. 'नेक्स्ट मंडे' एवढंच पुरतं.

'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' यांत फरक आहे. दहाची गाडी दहाला सुटली, 'ऑन टाइम'. आपण दहाच्या आत पोचलो आणि गाडी मिळाली, 'इन टाइम'.

पायरी ५ : मराठीतला एक शब्द, इंग्रजीतल्या दोन-तीन वाटा

पर्यंत. 'पाचपर्यंत थांब' आणि 'पाचपर्यंत ये'. पहिल्यात थांबणं पाच वाजेतो सलग चालू आहे, म्हणून 'वेट टिल फाइव्ह'. दुसऱ्यात पाचच्या आत केव्हातरी एकदाच घडायचं आहे, म्हणून 'कम बाय फाइव्ह'. ऑफिसात ही चूक महागात पडते. 'आय विल सेंड द फाइल टिल फ्रायडे' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही शुक्रवारपर्यंत रोज फाइल पाठवत राहणार. तिथे 'बाय फ्रायडे' हवं. अंतरासाठी दोन्ही नाहीत: नाक्यापर्यंत चालत गेलो, 'ॲज फार ॲज द नाका'.

पासून. सोमवारपासून ताप आहे, तीन दिवसांपासून ताप आहे. पहिल्यात सुरुवातीचा क्षण सांगितला, 'सिन्स मंडे'. दुसऱ्यात लांबी सांगितली, 'फॉर थ्री डेज'. 'सिन्स थ्री डेज' ही मराठी माणसाची फार जुनी सवय आहे, मी स्वतः वीसेक वर्षं तसंच म्हणत होतो. आणि क्रियापदही बदलतं: 'आय हॅव फीव्हर' पुरत नाही, 'आय हॅव हॅड फीव्हर फॉर थ्री डेज'. उद्यापासूनच्या गोष्टीला 'सिन्स' लागतच नाही, तिथे 'फ्रॉम टुमॉरो'.

पूर्वी. 'दोन वर्षांपूर्वी' म्हणजे 'टू इयर्स अगो'. 'अगो' मराठीसारखा मागे येतो म्हणून आपल्याला घरचा वाटतो. आजपासून मागे मोजायचं असेल तरच 'अगो'. 'लग्नापूर्वी' म्हणजे 'बिफोर द वेडिंग'.

समोर. घरासमोर गाडी उभी आहे, घरासमोर देऊळ आहे. गाडी आपल्याच बाजूला, अंगणाला लागून: 'इन फ्रंट ऑफ द हाउस'. देऊळ रस्त्यापलीकडे, तोंडाला तोंड: 'ऑपोझिट द हाउस'. पत्ता सांगताना हे बिनचूक असावं, नाहीतर पाहुणा रस्त्याच्या चुकीच्या बाजूला शोधत बसतो. 'ऑपोझिट'ला 'टू' न लावलेलं चांगलं.

ने. हा सगळ्यांत जास्त फुटतो. बसने 'बाय बस'. सुरीने 'विथ अ नाइफ', कारण हत्यार हातात आहे. कुसुमाग्रजांनी लिहिलेली कविता 'बाय कुसुमाग्रज', कारण तो कर्ता. निळ्या शाईने 'इन ब्लू इंक'. मलेरियाने गेला 'डाइड ऑफ मलेरिया'. थंडीने कुडकुडतोय 'शिव्हरिंग विथ कोल्ड'. पाच रुपयांनी महाग झालं 'बाय फाइव्ह रुपीज'. मी शिकणाऱ्यांना सांगतो, 'ने' आला की स्वतःला विचारा: करणारा कोण, हातात काय, कारण काय, फरक किती? उत्तर मिळालं की शब्दही मिळतो.

पायरी ६ : क्रियापद कोणाचा हात धरतं

जागा आणि वेळ चित्र काढून समजतात. पण पुष्कळदा प्रिपोझिशन शेजारचं क्रियापद किंवा विशेषण ठरवतं, तिथे चित्र कामाचं नाही. ती जोडी तशीच लक्षात ठेवावी लागते, जशी इंग्रजी माणसाला मराठी शिकताना 'वाट बघणे'ला 'ची' आणि 'रागावणे'ला 'वर' लागतो हे लक्षात ठेवावं लागेल.

सगळ्यांत आधी, जिथे मराठीत प्रत्यय आहे आणि इंग्रजीत काहीच नको, ती क्रियापदं. त्याला विचार, 'आस्क हिम'. मला सांग, 'टेल मी'. स्टेशनला पोचलो, 'रीच्ड द स्टेशन'. त्यावर चर्चा केली, 'डिस्कस्ड इट', 'अबाउट' नको. खोलीत शिरलो, 'एंटर्ड द रूम'. त्याच्याशी लग्न केलं, 'मॅरीड हिम'. आणि ती विवाहित आहे असं सांगायचं तर 'मॅरीड टू हिम', 'विथ' कधीच नाही. घरी गेलो, 'वेंट होम', मध्ये 'टू' नको. 'से' मात्र 'टू' मागतो: 'टेल मी', पण 'से टू मी'.

मग ज्या जोड्या मराठीशी जुळत नाहीत. माझ्यावर रागावली, 'अँग्री विथ मी'. गणितात हुशार, 'गुड ॲट मॅथ्स'. गाणं ऐक, 'लिसन टू द साँग'. माझ्याकडे बघ, 'लुक ॲट मी'. त्याला हसले, 'लाफ्ड ॲट हिम'. माझी वाट बघ, 'वेट फॉर मी'. देवावर श्रद्धा, 'बिलीव्ह इन गॉड'. माझ्याकडे पैसे आहेत याला तर प्रिपोझिशनच नको, 'आय हॅव मनी'.

शेवटी जुळणाऱ्या जोड्या, म्हणजे फुकट मिळालेल्या. पावसावर अवलंबून, 'डिपेंड ऑन द रेन'. कुत्र्याची भीती, 'अफ्रेड ऑफ डॉग्ज'. आपल्या षष्ठीच्या 'ची'जागी चक्क 'ऑफ' आहे. अडचण एवढीच, की आपण 'कुत्र्याला घाबरतो' असंही म्हणतो किंवा हिंदीतल्या 'से'ची सवय लागलेली असते, आणि तोंडातून 'अफ्रेड फ्रॉम' निघतं. मनात 'भीती' हा शब्द आणा.

वहीत लिहिताना एकटा शब्द लिहू नका. 'अँग्री' असं लिहून पुढे अर्थ देण्याऐवजी 'अँग्री विथ मी' अशी पूर्ण जोडी, माणसासकट लिहा. रोज तीन जोड्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या वापरून बोललेलं एक तरी वाक्य. पन्नास पाठ करून विसरण्यापेक्षा हे बरं पडतं, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नात ही जोडी तुटल्यासारखी दिसते. 'कशाकडे बघतोस?' म्हणजे 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' प्रिपोझिशन शेवटी लोंबकळतं आणि आपल्याला वाटतं काहीतरी राहून गेलं. काही राहिलेलं नाही. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको हा आक्षेप जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने १६७२ साली घेतला होता, तो पुढे व्याकरणाच्या पुस्तकांत शिरला. इंग्रज लोक मात्र त्याआधीही आणि त्यानंतरही असंच बोलत आले. 'हू डिड यू गो विथ?' हे बेधडक म्हणा. 'विथ' गाळलंत तर मात्र 'कोणाबरोबर'मधला 'बरोबर' गेला.

पायरी ७ : एक उतारा करून बघा

खालच्या ओळी आधी स्वतः इंग्रजीत लिहा, मग पुढे वाचा.

मी गेल्या सोमवारी एस.टी.ने कोल्हापूरला गेलो. बहिणीने मला स्टँडवर थांबायला सांगितलं होतं. ती तिथे तीन वर्षांपासून राहते. तिचं घर रंकाळ्याजवळ आहे, एका बँकेसमोर. मी गुरुवारपर्यंत राहिलो, कारण शुक्रवारी सकाळी आठपर्यंत मला कामावर पोचायचं होतं.

'आय वेंट टू कोल्हापूर बाय बस लास्ट मंडे. माय सिस्टर हॅड टोल्ड मी टू वेट ॲट द बस स्टँड. शी हॅज लिव्ह्ड देअर फॉर थ्री इयर्स. हर हाउस इज निअर रंकाळा, ऑपोझिट अ बँक. आय स्टेड टिल थर्सडे, बिकॉज आय हॅड टू बी ॲट वर्क बाय एट ऑन फ्रायडे मॉर्निंग.'

आता तुमचं लेखन पडताळा. 'कोल्हापूरला'मधला 'ला' हा 'टू' झाला, 'मला'मधला 'ला' नाहीसा झाला, कारण 'टेल' काही मागत नाही. 'गेल्या सोमवारी'ला 'ऑन' नाही, 'शुक्रवारी सकाळी'ला आहे. 'पर्यंत' दोनदा आलं, एकदा 'टिल', एकदा 'बाय'. 'टू वेट'मधला 'टू' प्रिपोझिशन नाही, हवं तर दिवाळी ठेवून बघा. 'तिथे'साठी नुसतं 'देअर', त्याच्याआधी 'इन' किंवा 'ॲट' लावलं असेल तर खोडा. आणि 'कामावर'चं 'ऑन वर्क' लिहिलं असेल तर तिथे पुन्हा 'वर'ने फसवलं: कामाची जागा हा आपल्या दिवसातला एक बिंदू आहे, स्टेशनसारखा, म्हणून 'ॲट वर्क'.